साठचा बल्ब

दिवाळीत गावी गेले की दोन-तीन दिवस मी अण्णांच्या दुकानात बसते. कराडजवळच्या एका बाजाराच्या गावात आमचं इलेक्ट्रिक सामानाचं छोटं दुकान आहे. वायर, बटणं, होल्डर, पंख्याचे कंडेन्सर, मोटारीचं किरकोळ सामान. गेल्या दिवाळीत माळांची गर्दी ऐन रंगात असताना एक काका आले आणि म्हणाले, "साठचा बल्ब आहे का? पिवळा?" मी सवयीने एलईडीचा डबा पुढे केला. वॉर्म घ्या, उजेड पिवळाच पडतो, हेही सांगितलं. काका म्हणाले, "उजेडासाठी नको ताई. पिल्लांसाठी पाहिजे."

अण्णांनी आतल्या फळीवरचा खोका उतरवला. प्रत्येक बल्बाभोवती नालीदार पुठ्ठ्याचा पोशाख, तोच जुना. काउंटरच्या कडेला लाकडी पट्टीवर एक होल्डर कायमचा ठोकलेला आहे. अण्णांनी बल्ब आधी कानाशी नेऊन हलकेच हलवला, आत तार खुळखुळत नाही ना ते ऐकलं, मग होल्डरमध्ये दाबून फिरवला आणि बटण दाबलं. काकांच्या चेहऱ्यावर एकदम ऊन पडल्यासारखं झालं. बंद केला, काढला, पुन्हा पुठ्ठ्यात सरकवून दिला. माझ्या लहानपणी आमच्या दुकानातून कुठलाही बल्ब पेटवून दाखवल्याशिवाय बाहेर जात नसे. आता एलईडीवर वॉरंटीची तारीख टाकून देतात, आणि गिऱ्हाईकही पेटवून दाखवा म्हणत नाही.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत साठचे आणखी तीन बल्ब गेले. एक मोटार रिवाइंडिंग करणाऱ्या पोराने नेला, दोन पुन्हा पिल्लांसाठी. उजेडासाठी एकही नाही. हे मला फार विलक्षण वाटलं. जी वस्तू जगाने उजेडासाठी शोधून काढली, ती आता उजेड सोडून बाकी सगळ्यासाठी मागितली जाते.

माझ्या आठवणीतला पहिला बल्ब आज्जीच्या घरातला. माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीला वीतभर भोक पाडलेलं होतं आणि त्या भोकात एकच बल्ब टांगलेला होता. अर्धा उजेड चुलीकडे, अर्धा आमच्या पाटी-दप्तराकडे. दोन खोल्यांत दोन बल्ब लावणं ही चैन होती. आज्जी भाकरी थापायला बसली की तिची सावली त्या भोकातून आमच्या वहीवर हलायची.

त्या बल्बाचा उजेड कधी एकसारखा नसायचा. नदीकाठचं गाव, सगळा ऊस, आणि उसाला पाणी पाजायला नदीवर मोटारी. संध्याकाळी एकेक मोटार सुरू होई तसा बल्ब मावळत जाई. आधी पांढरट-पिवळा, मग हळदीसारखा, मग नुसती तार लालबुंद दिसायची, चुलीतल्या निखाऱ्यासारखी. डोळ्याला न खुपता तिच्याकडे बघता यायचं. आज्जी वरती न बघताच म्हणायची, "लाईट बारीक झाली. मोटारी चालू झाल्या वाटतं." आणि एकदम बल्ब उजळला की म्हणायची, "कुणाची तरी मोटार बसली." तिला अक्षर येत नव्हतं, पण गावच्या लाईनीवर काय चाललंय ते ती त्या तारेवरून वाचायची.

पुढे अण्णांनी त्यामागचा हिशोब समजावला. तारेच्या बल्बाचं व्होल्टेज १० टक्क्यांनी उतरलं तर उजेड १० टक्क्यांनी उतरत नाही, जवळजवळ ३० टक्क्यांनी उतरतो. २३० च्या जागी १६० आलं तर उजेडाचा तिसरा हिस्सासुद्धा उरत नाही. उलट बाजूने ते आणखी कडक आहे. व्होल्टेज ५ टक्क्यांनी चढलं की बल्बाचं आयुष्य निम्म्यावर येतं. म्हणून गोठ्यातला, ओसरीवरचा, रात्रभर जळणारा बल्ब लवकर उडायचा. मध्यरात्री गावाचा लोड उतरतो, लाईनीला जोर येतो आणि तार जास्त तापते. आज्जीचा भोकातला बल्ब मात्र दिवे लागल्यापासून जेवणं होईपर्यंतच जळायचा, तोही अर्ध्या जिवाने. तो वर्षानुवर्षं टिकला.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर गावी अग्निशमन केंद्रात एक बल्ब १९०१ पासून जळतोय. त्याच्याबद्दल वाचलं तेव्हा मला आज्जीचाच बल्ब आठवला. लोक त्या बल्बाचं उदाहरण देऊन म्हणतात, बघा, पूर्वीच्या वस्तू किती टिकाऊ होत्या, कंपन्यांनी मुद्दाम बिघडवल्या. यात तथ्य आहेच. १९२४ च्या अखेरीस जिनिव्हात बड्या कंपन्यांनी मिळून फीबस नावाचा संघ केला, त्यात ओसराम होती, फिलिप्स होती, जनरल इलेक्ट्रिकच्या संलग्न कंपन्या होत्या. बल्ब १,००० तासांच्या आसपासच टिकला पाहिजे असं त्यांनी ठरवलं, आणि ज्याचा बल्ब जास्त टिकेल त्याला दंड. दुसरं महायुद्ध पेटेपर्यंत तो कारभार चालला. वाचून संताप येतो, यावाच. पण लिव्हरमोरचा तो बल्ब आता जेमतेम ४ वॉटच्या दिव्याइतका मिणमिणतो, हे सहसा कुणी सांगत नाही. कमी तापतो म्हणून टिकतो. तारेच्या बल्बात आयुष्य आणि उजेड ही एकाच पिशवीतली रक्कम असते, एकीकडे खर्च केली की दुसरीकडे कमी पडते. अण्णा हे फार पूर्वीपासून सांगत आलेत. टिकाऊ बल्ब हवा म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ते म्हणत, "टिकाऊ देतो, पण पोराला अभ्यासाला दिसायचं नाही."

उडालेला बल्ब मी तासन्‌तास हातात धरून बसायचे. काच आतून धुरकटलेली असे. ती काजळी नसून टंगस्टनच असतो, तारेवरून उडून काचेवर बसलेला. तार केसाहून बारीक, तिची गुंडाळी, आणि त्या गुंडाळीची पुन्हा गुंडाळी. पेटल्यावर ती २,५०० अंश सेल्सिअसच्या घरात तापते. टंगस्टन वितळतो ३,४२२ अंशांना, म्हणून तर तो निवडला. एडिसनने १८७९ मध्ये सुती दोऱ्याचा कोळसा करून तार बनवली होती, मग बांबूच्या तंतूची केली, आणि टंगस्टन घरोघरी पोचायला पुढची तीसेक वर्षं लागली.

तार तुटून दोन टोकं लोंबत असली की अण्णा बल्ब होल्डरमध्येच हळूहळू फिरवत, अगदी बाळाला झोका द्यावा तसं. दोन टोकं एकमेकांना शिवली की चट्कन ठिणगी आणि तार तिथेच चिकटून बल्ब पेटे. चिकटलेली तार थोडी आखूड झालेली असल्यामुळे तो आधीपेक्षा जास्त लखलखीत जळायचा. आम्हा पोरांना वाटे, अण्णांनी त्याला बरा केला. तो दोन-चार दिवसांत पुन्हा जाई. तेवढ्यात बाजारचा वार येई आणि नवा बल्ब घरी पोचे.

आता हिशोबाचं. एवढ्या खटाटोपातून जी वीज बल्बात शिरते, तिच्यातला ५ टक्क्यांच्या आसपासच भाग डोळ्यांना दिसणारा उजेड होतो. बाकी सगळी उष्णता. ६० वॉटचा बल्ब रोज ५ तास जळला तर महिन्याला ९ युनिट. त्याच्याइतकाच, खरं तर थोडा जास्त उजेड देणारा ९ वॉटचा एलईडी तेवढेच तास जळून दीड युनिटसुद्धा खात नाही. आणि झिरोचा बल्ब! आमच्याकडे रात्रभर लहान बल्ब लावून झोपायची पद्धत होती, झिरो म्हणजे बिलात शून्य अशी सगळ्यांची पक्की समजूत. तो झिरो असायचा १५ वॉटच्या आसपासचा. म्हणजे आज आख्खी खोली उजळणाऱ्या एलईडीपेक्षा त्या वेळचा झोपेतला बल्ब जास्त वीज ओढत होता. अण्णांनी हे सांगितलं तेव्हा आज्जीने पदर तोंडाला लावला. इतकी वर्षं ती आम्हाला बाकीचे बल्ब बंद करायला लावायची आणि झिरो मात्र निर्धास्त लावून ठेवायची.

म्हणून जुन्या बल्बाबद्दल कुणी हळवेपणाने बोलू लागलं की माझ्या डोळ्यांसमोर भारनियमनाची वर्षं येतात. २००५ नंतरची. दिवसातले दहा-बारा तास वीज नाही, दहावीची पोरं कंदिलाखाली, आणि ज्या कोयनेच्या धरणावर सगळ्या महाराष्ट्राची संध्याकाळ अवलंबून, ती कोयना आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. त्या दिवसांत संध्याकाळी पेटलेला प्रत्येक साठचा बल्ब पन्नासेक वॉट नुसते हवेत सोडत होता. मला त्या उधळपट्टीची ओढ वाटत नाही. वाटू शकत नाही.

मधे सीएफएल, म्हणजे वाकवलेल्या छोट्या नळीचा बल्ब, येऊन गेला. २००९ च्या बचत लॅम्प योजनेत तो पिवळ्या बल्बाच्या बदल्यात १५ रुपयांत मिळायचा. पण बटण दाबल्यावर उजेड यायला वेळ लावायचा, थंडीत तर फारच, आणि आत काही मिलिग्रॅम पारा. फुटला की आई खिडक्या उघडून आम्हाला अंगणात काढायची. आमच्या घराने त्याला कधी आपलं म्हटलं नाही.

एलईडीचं वेगळं झालं. ५ जानेवारी २०१५ ला केंद्राची योजना सुरू झाली, पुढे तिचं नाव उजाला पडलं. लाईट बिल दाखवून बल्ब न्यायचे. आज्जीने स्वतः जायचा हट्ट धरला. रांगेत दोन तास उभी राहिली आणि बल्बांचे डबे ओटीत घेऊन आली. सरकारी खरेदीत जो बल्ब २०१४ च्या सुरुवातीला ३१० रुपयांना पडत होता, तो २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. योजनेतून देशभर ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. मला या सगळ्यातली आवडलेली गोष्ट अगदी साधी आहे, ती म्हणजे टोपी. खाली दोन खिळ्या असलेली, दाबून फिरवायची तीच जुनी टोपी एलईडीला दिली. कुणाला होल्डर बदलावा लागला नाही, वायरमन बोलवावा लागला नाही. आज्जीने स्टुलावर चढून भोकातला बल्ब काढला आणि त्याच होल्डरमध्ये नवा बसवला. मग तिने माजघरात दुसरा लावला. भिंतीतलं भोक पुढच्या वर्षी रंग देताना बुजवून टाकलं.

पण पहिल्याच संध्याकाळी एक गोष्ट घडली. मोटारी सुरू झाल्या असणार, पंख्याचा वेग पडला, आणि बल्ब ढिम्म. तसाच पांढरा. चांगल्या एलईडीच्या पोटातलं सर्किट व्होल्टेज खूप खाली गेलं तरी उजेड धरून ठेवतं, आणि हा त्याचा मोठाच गुण. आज्जी जरा वेळ वर बघत राहिली. "आता मोटारींचं कळायचं नाही," एवढंच म्हणाली आणि भाकरी उलटायला वळली.

निळा एलईडी बनवल्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पांढरा म्हणून आपण जो एलईडी लावतो तो मुळात निळाच असतो. त्यावर पिवळं भुकटीचं लेपण असतं, दोन्ही मिळून पांढरं दिसतं. अण्णांच्या टेबलावर हे रोज बघायला मिळतं. त्यांनी उतारवयात एलईडी दुरुस्ती शिकून घेतली. वरची दुधी टोपी काढली की आत अॅल्युमिनियमच्या चकतीवर पिवळे चौकोनी दाणे गोलाकार बसवलेले दिसतात. मेलेल्या बल्बात बहुतेक वेळा एकाच दाण्यावर टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका असतो. दाणे माळेसारखे एकामागे एक जोडलेले असल्यामुळे एक गेला की सगळे विझतात. अण्णा भिंग लावून तो दाणा काढतात, दुसऱ्या मेलेल्या बल्बातला चांगला दाणा बसवतात, आणि दहा-वीस रुपयांत बल्ब पुन्हा पेटतो. डब्यावर २५,००० तास लिहिलेलं असतं आणि बल्ब वर्षभरात परत येतो, तेव्हा त्यांना मनापासून वाईट वाटतं. ते म्हणतात, यातला दाणा मरत नाही गं, त्याला उष्णता मारते. तारेचा बल्ब तापल्याशिवाय उजेड देत नव्हता. हा तापला की संपतो. बंद काचेच्या गोळ्यात एलईडी बसवू नका, हवा खेळू द्या, हे ते प्रत्येकाला सांगतात. निम्मे लोक ऐकत नाहीत.

त्याच टेबलावर भिंतीला लागून त्यांचा सिरीज बोर्ड आहे, आणि त्यात १०० चा पिवळा बल्ब. दुरुस्तीला आलेला पंखा, इस्त्री, मिक्सर, काहीही ते थेट लाईनीला लावत नाहीत. आधी या बल्बातून. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि वस्तू वाचते. वाइंडिंग धड असेल तर तो मंद जळतो. तार तुटलेली असेल तर पेटतच नाही. किती मंद, किती भगभगीत, यावरून अण्णा आतलं सांगतात. इथे एलईडी लावून चालत नाही, कारण त्याचं सर्किट स्वतःचंच बघतं, लाईनीवरचं काही सांगत नाही. तापलेल्या तारेचा विरोध थंड तारेच्या बारा-पंधरा पट असतो, ती सारी करामत त्यातून येते. बटण दाबतानाच बल्ब का उडायचा, तेही त्यातच आहे. थंड तार पहिल्या क्षणी भसकन्‌ करंट ओढते आणि जिथे झिजलेली असेल तिथे तुटते.

उजेडाच्या रंगाबद्दलही अण्णांशी माझं थोडं भांडण आहे. आमच्या भागात सगळ्यांना पांढराफेक एलईडी हवा असतो. पिवळा म्हणजे गरिबी, लो व्होल्टेज, बारीक झालेली लाईट, ही खूण मनात इतकी खोल बसली आहे की वॉर्म बल्ब फुकट दिला तरी घेत नाहीत. मी पुण्यात माझ्या घरी निजायच्या खोलीत मुद्दाम पिवळसर लावले, तर आई पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, "अगं, व्होल्टेज नाही का इथं?" तिचंही चुकीचं नाही. तारेच्या बल्बात निळा उजेड फार कमी असतो, रात्री काळी साडी आणि गडद निळी साडी ओळखू यायची नाही, "सकाळी उजेडात बघू" म्हणून घडी घालून ठेवायची. पण ताटातला वरणभात, आज्जीच्या कपाळावरचं गोंदण, निवत आलेली भाकरी, हे सगळं त्या उजेडात जसं दिसायचं तसं नळीच्या किंवा स्वस्त एलईडीच्या पांढऱ्या उजेडात मला कधी दिसलं नाही. आकाशकंदिलात तर मी अजून पांढरा बल्ब सहन करू शकत नाही. सहावीत असताना घरात ४० चा नव्हता म्हणून मी कंदिलात १०० चा बल्ब लावला होता. पाडव्याच्या रात्री करपट वास आला आणि माझा आठ दिवस खपून केलेला कंदील एका बाजूने काळा पडून फाटला. आता कंदिलात वॉर्म एलईडी लावते. कागद थंड राहतो.

माझं म्हणणं इतकंच आहे की उजेडासाठी एलईडीच हवा, प्रत्येक खोलीत, आज्जीसारख्या प्रत्येकीच्या घरात. पण बल्बाला आपण फक्त उजेडाच्या तागडीत तोललं, म्हणून उरलेले ९५ टक्के वाया गेले असं म्हणतो. आमच्या घरात त्यातले बरेच वाया जात नव्हते. अण्णा तो खोका फळीवर ठेवतात तो आठवण म्हणून नव्हे, आणि कंपन्यांनी हे बल्ब करणं थांबवलं तर कुणाची अडचण होईल ते त्यांना नावानिशी माहीत आहे.

त्या दिवाळीत भाऊबीजेच्या आदल्या रात्री आत्याचा फोन आला. तिची खुडूक कोंबडी कुत्र्याने नेली होती आणि मागे अकरा पिल्लं राहिली होती, आठ दिवसांची. खोक्यात ठेवलीत, वर लाईट लावलीय, तरी दोन मेली, म्हणाली. अण्णांनी विचारलं, "कसली लावलीयस?" आत्या म्हणाली, "चांगली नवी आहे की, पांढरी." अण्णा काही बोलले नाहीत. सकाळी ओवाळणीच्या साडीच्या पिशवीत त्यांनी पुठ्ठ्यातले साठचे दोन बल्ब ठेवले.

आत्याच्या पडवीत टीव्हीच्या खोक्यात ती नऊ पिल्लं होती. खोकं लख्ख उजळलेलं, आणि पिल्लं एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून थरथरत होती. अण्णांनी ओवाळून घ्यायच्या आधी बल्ब बदलला, वायर वितभर खाली सोडली आणि भाताचं तूस पसरलं. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला थोडी थोडी कमी, म्हणजे बल्ब दोन बोटं वर घ्यायचा. थर्मामीटर कशाला, पिल्लांकडे बघायचं, ते आत्याला सांगत होते. खाली गर्दी केली तर थंडी, कडेला पळाली तर उकाडा.

आरती झाली, जेवणं झाली. मी हात धुऊन पडवीत आले तेव्हा पिल्लं कोपऱ्यातून सुटून बल्बाखाली आली होती. जरा वेळाने एक बाजूला झालं, मग दुसरं. एकाने मान टाकून डोळे मिटले. आत्या माझ्या मागे येऊन उभी राहिली, खोक्यात हात घालून तुसाची ऊब बघितली आणि आतल्या खोलीकडे वळून म्हणाली, "दादा, पांगली रे."